डोंगेवालीचं दुसरं साल

आमचे घरमालक काका कुठल्याही टपरीवर लागोपाठ दोन चहा प्यायचे. तल्लफ म्हणून नव्हे, न्याय म्हणून. पहिला कप संपेपर्यंत तोंडातून एक शब्द निघायचा नाही. "कसा आहे काका?" असं विचारलंच तर हात वर करायचे, म्हणजे थांब. दुसरा कप आला की एक घोट, डोळे बंद, आणि मग निकाल.

"पहिला कप त्यानं आपल्याले पाहून बनवला, बाबू. दुसरा बनवताना त्याचं ध्यान मोबाईलमंदी होतं. आता समजला चहावाला."

मला खोली देतानाही हाच कायदा. "पहिल्या महिन्यात तू पाहुना. दुसऱ्या महिन्यात सांगतो तू मानूस कसा हायेस ते." दुसरा महिना लागला त्या दिवशी सकाळीच वर आले, खाटेखाली वाकून पाहिलं, बादलीचा वास घेतला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नजर टाकली आणि म्हणाले, "चालते." आजवर मला मिळालेलं हे सगळ्यात चांगलं प्रमाणपत्र आहे. शाळेच्या दाखल्यावर 'वर्तणूक उत्तम' लिहिलंय, पण तो कारकून मला ओळखत नव्हता.

काकूंना पाहायलाही दोनदा गेले होते म्हणे. काकू सांगायच्या, "पहिल्या बारीले पोहे म्या केलते, दुसऱ्या बारीले मायनं. याहीनं मायच्या पोह्यावर लगन केलं." काका ऐकून न ऐकल्यासारखं करत मिशीला पीळ द्यायचे.

ती मिशी सांगितलीच पाहिजे. पांढरीशुभ्र, दोन्ही टोकांना वर वळलेली, आणि आवाजाला शोभणारी. काकांनी उभं आयुष्य बालाघाटच्या बस स्टँडवर काढलेलं. "लांजी लांजी लांजी! हट्टा, लालबर्रा!" असं ओरडून बसा भरायच्या, हे काम. निवृत्त झाल्यावर बसा भरणं बंद झालं, आवाज नाही झाला. खालून "बाबू, मोटर बंद कर!" म्हणाले की शेजारच्या दोन घरांतल्या मोटारी बंद व्हायच्या.

आता मी नागपुरात असतो. ऑफिसातली पोरं डबा खाताना हमरीतुमरीवर येतात, अमक्या अ‍ॅनिमेचा दुसरा सीझन पहिल्यापेक्षा बरा की वाईट. मी पोळीचा तुकडा मोडतो आणि गप्प राहतो. या विषयातले न्यायमूर्ती बालाघाटला बसतात, आणि त्यांच्या कोर्टात मी एकदा जे तोंड फोडून घेतलंय ते पुरेसं आहे.

हे प्रकरण सुरू झालं त्या दिवशी रविवार होता. दुपारी जेवून मी लॅपटॉप लावून बसलो होतो आणि खाली पाण्याची टाकी भरून अंगणात तळं झालं होतं, कारण मोटर मीच चालू ठेवलेली. काका मला झापायला जिना चढून आले. तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

"हे काय हाये?"

"जपानी कार्टून, काका." अ‍ॅनिमे म्हटलं असतं तर समजावून सांगावं लागलं असतं, आणि खाली पाणी वाहत होतं.

काका दोन मिनिटं उभ्यानं पाहत राहिले. "कार्टून नाही हे. कार्टूनमंदी मानूस पडला का हासत उठते. हे पोरगी पडली तं रडून राह्यली." आणि खाटेवर बसले. मोटर शेवटी काकूंनी बंद केली. त्या काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही.

गोष्ट अगदी साधी होती. एक रुंद नदी, सदा धुक्यात. एक पोरगी डोंगा, म्हणजे छोटी होडी, चालवते. एके दिवशी डोंग्यापाशी एक राक्षस येतो. भला थोरला, एक शिंग तुटलेलं, आणि पाण्याला घाबरणारा. तुटलेलं शिंग पलीकडच्या काठावर आहे. ती म्हणते, नेते तुला, पण निम्मा वेळ वल्हं तू मारायचं. तो म्हणतो, वल्हं पाण्यात जातं, मी हात लावणार नाही. झालं. अख्खा पहिला सीझन दोघं त्या डोंग्यात बसून भांडतात, आणि भांडता भांडता तुमच्या लक्षात येतं की दोघांनाही घरी वाट पाहणारं कोणी नाही.

पडद्यावर खाली येणारी हिंदी अक्षरं काका मोठ्यानं वाचायचे. मनातल्या मनात वाचणं त्यांना जमतच नव्हतं. पोरीचं वाक्य पोरीच्या आवाजात, राक्षसाचं राक्षसाच्या. तिसऱ्या रविवारपर्यंत समोरच्या ओट्यावर बायका भाजी निवडायला येऊन बसू लागल्या होत्या. चित्र दिसत नव्हतं, पण गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा चांगली समजत होती.

शेवटच्या भागात धुकं विरळ होतं, पलीकडचा काठ दिसतो, तिथे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. आणि पडदा काळा.

"मंग?" काका म्हणाले.

"पहिला सीझन संपला."

"पोहोचले का नाही?"

"दुसऱ्या सीझनमध्ये कळेल."

"कधी हाये?"

"ते कोणाला माहीत! वर्ष लागेल, दोन लागतील. कधी कधी येतच नाही."

लांजीची बस जंगलात मधोमध उभी करून मीच किल्ली फेकून दिली, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

इथे काकांचं खरं वेड सांगायला हवं. लांजीकडे त्यांचं गाव. दिवाळी झाली की आमच्या त्या भागात गावोगाव मंडई भरते, म्हणजे दिवसभराची जत्रा: पाळणे, जिलेबी, पाहुणे, आणि मैदानाच्या मध्ये दंडार. ढोलकी, झांजा, गोल रिंगण, गाणं आणि गोष्ट, सगळं पुरुषच करणार, बायांची कामंही तेच. काकांच्या गावच्या दंडारीत राणी असो, गवळण असो, काकाच. लुगडं नेसणार, टिकली लावणार, आणि मिशी ठेवणार. मी एकदा भीत भीत विचारलं होतं. तर म्हणाले, "मिशी मायी हाये, पोरगी गोष्टीतली हाये. लोकाले दोन्ही कळते."

पण त्या साली मंडई समितीच्या अध्यक्षांनी सांगून पाठवलं होतं की दंडार आता कोणी पाहत नाही, पोरं मोबाईल घेऊन बसतात, यंदा शेवटची सुपारी, पुढल्या सालापासून ऑर्केस्ट्रा. सुपारी म्हणजे आमंत्रण. ती ज्याच्या हातात, मैदान त्याचं.

दोन दिवस काकांनी मिशीला पीळही दिला नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, पहिल्याच कपाला, म्हणाले, "डोंगेवाली बसवतो." मी पाहतच राहिलो. पहिल्या कपाला ते कधी बोलत नसत.

दोन लांब बांबू. पुढे एक माणूस, मागे एक माणूस, दोघांच्या काखेत बांबूची टोकं, मध्ये पोरगी आणि राक्षस. झाला डोंगा. ढोलकी संथ तर पाणी संथ, ढोलकी चढली की भोवरा. पोरगी काका. राक्षस मी, कारण गोष्ट मलाच पाठ होती आणि अंगानं मी मोठा होतो. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून जे अंग येतं ते.

रंगमंचावर मी जन्मात चढलो नव्हतो. मंडईच्या दिवशी पुठ्ठ्याचं शिंग ढोलकीच्या पहिल्या थापेलाच घसरून डोळ्यावर आलं. दिसेना. काठाच्या बाजूनं डोंग्यात चढायचं ते मी उलट्या बाजूनं, म्हणजे भर नदीतून चढलो. पुढच्या ओळीतली एक म्हातारी कडाडली, "अगे माय! हा तं पान्यातूनच आला, आन् म्हने पान्याले भेते!"

मैदानात हशा फुटला. मला वाटलं, संपलं, यांची पन्नास वर्षांची दंडार माझ्या शिंगावर संपली. काकांनी पदर खोचला, म्हातारीकडे वळले आणि पोरीच्या आवाजात म्हणाले, "भेवानंच वाट चुकला वो बाई!" दुसरा हशा पहिल्यापेक्षा मोठा होता, आणि तो आमचा होता.

मग आमचं भांडण सुरू झालं. मी विचारलं, "पानी किती हाये?"

"तुले डुबाले पुरते."

"मंग मी उभाच राह्यतो."

"राह्य. डोंगा पलटला का आपसूक बसशील."

दुपार कलेपर्यंत एक माणूस हलला नाही. शेवटी ढोलकी थांबली, डोंगा नदीच्या मध्यावर थांबला, काकांनी डोळ्यांवर हात धरून लांब पाहिलं आणि म्हणाले, "काठ दिसून राह्यला रे!" आणि आपल्या बस स्टँडच्या आवाजात जाहीर केलं, "बाकीचं पुढच्या साली!"

लोक उभे राहून ओरडू लागले. अध्यक्ष स्वतः खुर्चीवरून उठून आले. पांढरा कडक शर्ट, नवे बूट, चालताना बुटांना माती लागू नये म्हणून पाय निवडून टाकणारे गृहस्थ. "अरे पन पोहोचले का नाही?" काकांनी नुसता पदर सावरला. अध्यक्षांनी तिथल्या तिथे सुपारी काकांच्या हातात ठेवली. "घ्या पुढच्या सालची. पन पोहोचवा लागते, सांगून ठेवतो. ऑर्केस्ट्रावालेही बोलावून ठेवतो बाजूले. तुमची रंगली नाही तं त्याच वक्ती मैदान त्याह्यचं, आन् मंग कायमचं."

येताना मोटारसायकलवर काका माझ्या कानात ओरडले, "बाबू, ते पोहोचतात का?"

"मला काय माहीत, काका!"

"मंग मी बोललो काय?"

ते वर्ष आम्ही दोघांनी कसं काढलं ते आमचं आम्हाला माहीत. लांजीपलीकडच्या एका गावातली झाडून सगळी माणसं एका जपानी मालिकेच्या दुसऱ्या सीझनची वाट पाहत होती, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं काकांना सगळं माहीत आहे. लग्नात, दवाखान्यात, बसच्या खिडकीतून लोक विचारायचे, "काका, पोहोचले का?" काका गूढ हसून म्हणायचे, "डोंगा चालू हाये." आणि घरी येऊन मला, "आलं का बे?" रोज सकाळी दात घासता घासता एकच प्रश्न. एकदा म्हणाले, "जपानले फोन लावून पाह्य ना. सांग त्याह्यले, मंडई जवळ आली."

शेवटी ते आलं. मी अर्ध्या गालाला साबण लावलेला, तसाच जिना उतरून धावलो. "काका, आलं! दुसरा सीझन आला!" काकूंनी घाबरून हातातली परात टाकली. काकांनी देवापुढे उदबत्ती लावली, धोतर बदललं, आणि वर येऊन खाटेवर मांडी घालून बसले. ओट्यावर बायका जमल्या. भाजी आणायला विसरल्या होत्या.

सुरुवात झाली, आणि मी तर वेडा झालो! काय ती चित्रं! तीन राज्यं, उडते हत्ती, आगीचे लोळ, सैनिकांच्या टोपीवरचं एकेक पीस हलत होतं. पाठीमागे शंभर वाद्यं. मी खाटेवर उभा राहिलो.

काका शांत होते. "डोंगा?"

"येईल ना काका."

"अन् त्याचं शिंग? दोन्ही शिंगं दिसून राह्यली."

मी नीट पाहिलं. खरंच. राक्षस आता राजा झाला होता, देखणा, दोन्ही शिंगं झळाळती. खाली अक्षरं आली आणि काकांनी ती नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचली, "नदी पार करने के तीन साल बाद।"

ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"पार केली?" काका हळूच म्हणाले. "कधी? आपन कुठं होतो?" आणि मग आवाज चढला. "बाराही भाग त्या डोंग्यात बसवलं आपल्याले, अन् उतराच्या वक्ती कोनी सांगतलंच नाही? बस लांजीले पोहोचली अन् पॅसेंजर अजून बालाघाटातच?"

त्या दिवसापासून आमचं भांडण जुंपलं. मी दुसऱ्या सीझनचा वकील. म्हणालो, "काका, चित्रं पाहा, किती सुंदर! प्रत्येक केस हलतो."

"केस हालून राह्यले, हौ. त्याचं मन कुठं हालून राह्यलं?"

"लढाई तरी पाहा!"

"पाह्यली. दोघं डोंग्यात बसून भांडत होते ते मोठं भांडन होतं. हे धा हजार लोक लढून राह्यले, मले एकाचंही नाव माहीत नाही. मेले तं मरो."

"संगीत?"

"पहिल्या सालात वल्ह्याचा आवाज येत होता. चुप्प बसून आयकाव वाटे. याच्यात वाटते लग्नाच्या मांडवात दोन बँड घुसले."

यंदा हिंदी आवाजही भरलेले होते. काकांनी एक वाक्य ऐकलं आणि बंद करायला लावलं. "हे वाचून राह्यले, बोलून नाही राह्यले," म्हणाले, आणि पुन्हा स्वतःच वाचू लागले.

पण अन्याय करणार नाहीत. प्रत्येक भाग दोनदा पाहायचे. दुसऱ्यांदा पाहताना मी कंटाळून पेंगायचो, ते नाही. आणि असाच एक मधला भाग दुसऱ्यांदा चालू असताना त्यांनी माझ्या मांडीवर अशी थाप मारली की मी खाटेवरून खाली.

"थांबव! मागं घे! अजून मागं!"

राजा जेवायला बसतो. नोकर हात धुवायला पाण्याचं भांडं पुढे करतो. राजा हात बुडवायला जातो आणि एक क्षण, पापणी लवते न लवते तोवर, बोटं मागे घेतो. मग धुतो. कोणी काही बोलत नाही. मी दोन्ही वेळा ते पाहिलं नव्हतं.

काका उभे राहून नाचत होते. खरोखर नाचत होते, दंडारीचा पाय टाकत. "हाये! अजून तोच हाये! मुकुट घातला, शिंगं आली, तीन राज्यं आली, पन पान्याले भेते! एवढ्या मोठ्या कारखान्यात एका मानसाच्या ध्यानात राह्यलं रे बाबू! मले त्या मानसाच्या पाया पडाचं हाये!" ओट्यावरच्या बायकांना खिडकीतून ओरडून सांगितलं. त्यांनीही हात जोडले, कोणाला ते त्यांनाच ठाऊक.

काकांचं ठरलं. तेवढ्या मागे घेतलेल्या बोटांवर सगळी दंडार उभी करायची: एक राजा, एक पोरगी, एक डोंगा.

आणि इथे मी, म्हणजे जगातला सगळ्यात हुशार माणूस, मध्ये पडलो. "काका, समोर ऑर्केस्ट्रा असणार. लाइट, स्पीकर, निवेदक. आणि आपण दोन बांबू घेऊन उभे राहणार? लोकांना आता दुसऱ्या सीझनसारखं मोठं पाहिजे. किल्ला पाहिजे, सैन्य पाहिजे." बराच वेळ बोललो. चांगलं बोललो असणार, कारण काकांनी वाद सोडला. म्हणाले, "तू आजच्या जमान्यातला. तुले समजत असन." जन्मभर पहिल्या कपावर भरवसा न ठेवलेल्या माणसानं माझ्यावर ठेवला.

शोरूममधून, फ्रिजच्या दुकानातून, मिळेल तिथून थर्माकोल आणला आणि गावच्या मैदानात किल्ला उभारला. बुरूज, कमान, वर झेंडा. राजासाठी लांबलचक भाषण लिहिलं, तीन राज्यांचा इतिहास त्यात होता. बाजूच्या गावातल्या दंडारीतून दहा-बारा जण सैन्य म्हणून आणले. पोरगी दुसऱ्या सीझनप्रमाणे फक्त शेवटच्या प्रवेशात. डोंगा नाहीच. किल्ल्याला मधून आधार कमी पडत होता म्हणून डोंग्याचे ते दोन लांब, सरळ, मुरलेले बांबू मी किल्ल्याच्या पोटात उभे ठोकले. काका आले, बांबूवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, आणि काही न बोलता लुगडं नेसायला गेले.

मंडईचा दिवस उजाडला. मैदान गच्च. वर्षभर थांबलेली माणसं पुढची जागा धरून सकाळपासून बसलेली. पलीकडे ऑर्केस्ट्राचा तंबू, मधल्या खुर्चीवर अध्यक्ष.

किल्ला पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सैन्य आलं, गोल फिरलं, पुन्हा गोल फिरलं. मग मी आलो, दोन्ही शिंगं घट्ट बांधून, आणि भाषण सुरू केलं. पहिल्या राज्यापर्यंत लोक ऐकत होते. दुसऱ्या राज्याला मागच्या ओळी उठून पाळण्याकडे जाऊ लागल्या. मी आवाज चढवला. कोणीतरी जांभई दिली ती मला ऐकू आली. तेवढ्यात तीच गेल्या सालची म्हातारी पुढच्या ओळीतून म्हणाली, रागानं नाही, नुसतं विचारलं तिनं, "बाबू, डोंगा कुठं हाये?"

मी शिंगं नीट केली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, तंबूकडे पाहून हाताची खूण केली. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग," तिकडून आलं. ढोलकीवाल्यानं ढोलकी खाली ठेवली. किल्ल्याच्या मागे काका लुगडं नेसून उभे होते, आणि त्यांची दंडार माझ्या तोंडून मरत होती. मी तिसऱ्या राज्याकडे वळलो.

आणि किल्ला हलला.

आधी झेंडा वाकला. मग बुरूज. मग कर्रर्र करून सगळा थर्माकोल माझ्यावर आणि माझ्या सैन्यावर कोसळला. पांढरे दाणे हवेत उडाले, नाकातोंडात गेले, शिंगांना चिकटले. मी डोळे पुसून वळून पाहिलं. किल्ल्याच्या जागी काका उभे होते. मिशी, टिकली, खोचलेला पदर, आणि दोन्ही खांद्यांवर उपटून काढलेले दोन बांबू.

"काहून रे राजा," ते पोरीच्या आवाजात म्हणाले, "पलीकडं पोहोचलास म्हने तू?"

असं वाक्य कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझं भाषण थर्माकोलसोबत उडून गेलं होतं. "पोहोचलो," मी म्हणालो.

"कोनी पाह्यलं?"

मी इकडे तिकडे पाहिलं. म्हातारी ओरडली, "म्या नाही पाह्यलं!" मागून पोरं ओरडली, "आमी पन नाही!" मग सगळं मैदान, "कोनीच नाही पाह्यलं!"

"मंग चाल वापस," काका म्हणाले. "बस डोंग्यात. सगळ्याच्या समोर जाऊ."

सैन्यातल्या दोघांनी बांबू काखेत धरले. ढोलकी हळूच बोलू लागली. मी पाऊल उचललं, आणि खरं सांगतो, मला भीती वाटली. डोक्यावर मुकुट, समोर अख्खं गाव, खाली कोरडी ठणठणीत जमीन, आणि पाय उतरेना. बोटं मागे आली. तोंडातून आपोआप निघालं, "पानी किती हाये?"

काकांनी तोंड उघडायच्या आत सगळं मैदान गरजलं, "तुले डुबाले पुरते!"

काय सांगू! पाळण्याकडे गेलेले धावत परत आले. आम्ही भांडलो, गेल्या सालचं भांडलो, नवं भांडलो. त्याला राज्य मिळालं तरी रात्री झोप लागत नाही, आणि ती अजून एकटीच वल्हं मारते, हे सगळं त्या भांडणात कसं आलं ते मला माहीत नाही. निम्मं काका वदवून घेत होते, निम्मं लोक. शेवटी मी डोळे मिटून वल्हं हातात घेतलं, तेव्हा म्हातारीनं पदर डोळ्याला लावला.

पण काका रिंगणात फिरले नाहीत. त्यांनी डोंगा सरळ लोकांवर घातला. पुढची ओळ हसत हसत बाजूला झाली, बायकांनी लुगड्यांचे काठ वर उचलले, भिजू नयेत म्हणून.

"काठ आला का हो?" काकांनी विचारलं.

"आला!"

"कोन राह्यते इथं?"

"आमीच!"

माणसांमधून वाट काढत डोंगा अध्यक्षांच्या खुर्चीसमोर येऊन थांबला. ढोलकी बंद झाली. ऑर्केस्ट्राचा निवेदक माइक हातात धरून तंबूबाहेर येऊन उभा होता.

"अध्यक्षसाहेब," काका म्हणाले, "काठाशी पानी हाये. याले भेव वाटते. हात द्या."

सगळं गाव अध्यक्षांकडे पाहत होतं. त्यांनी एकदा निवेदकाकडे पाहिलं. मग वाकले, नवे बूट काढले, मोजे काढले, बूट उचलून खुर्चीवर ठेवले. पँट दोन्ही पायांची गुडघ्यापर्यंत दुमडली. आणि त्या कोरड्या मैदानात एक पाय पुढे टाकून, पाणी किती खोल आहे याचा नीट अंदाज घेत, त्यांनी माझ्यापुढे हात केला.